परराज्यातली मुलगी

खोटं पढवून आणलेलं मूल प्रश्न विचारताच उत्तर देतं. खरं सांगणारं मूल आधी थोडं थांबतं, इकडेतिकडे पाहतं, आठवून बोलतं. माझ्या नोकरीत मी जे काही शिकले त्यातलं हे पहिलं, आणि तेच सगळ्यांत जास्त उपयोगी पडलं. बाकी शिकलेलं फारसं कामाला आलं नाही.

ग्वाल्हेरला कंपू भागात सरकारी बालिकागृह होतं. मी तिथली अधीक्षिका. संस्थानच्या काळात ते एका मोठ्या बंगल्याच्या मागच्या अंगाला सुरू झालं, मग मध्यभारत झाला, पाटी बदलली, आम्ही त्याच जागी राहिलो. मुली मला 'बडी बाई' म्हणत. घर दाना ओली मोहल्ल्यात, भावाकडे. माझं काम काय, असं वहिनीच्या माहेरचे विचारीत तेव्हा ती सांगे, "शाळेत आहेत." ते खोटं होतं असंही नाही. पण आमच्याकडे येणारी मुलगी शाळा शिकायला येत नसे. कुणाच्या तरी हातून सुटून, किंवा पोलिसांनी सोडवून आणलेली असे. तिला अंघोळ घालायची, जेवू घालायचं, झोपू द्यायचं. पहिले दोन दिवस काही विचारायचं नाही. मग हळूहळू तिचं गाव शोधायचं. मुलांना जिल्हा ठाऊक नसतो, पण विहीर ठाऊक असते. बाजार कुठल्या वारी, नदी डोंगीतून ओलांडता की पायी, बापाचा साफा कसा, असं विचारत गेलं की नकाशा तयार होतो.

गोमतीला आणलं ते रेल्वे पोलिसातल्या जाधव हवालदारांनी. जाधव आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्याच शिलेदार घराण्यातले. संस्थानची फौज मोडली तेव्हा पुष्कळांना घरी बसावं लागलं, यांना कसंबसं पोलिसात घेतलं. खाकीत त्यांना मनापासून कधी बरं वाटलं नाही. पण नजर पक्की होती. फलाटावर आग्र्याकडच्या गाडीची वाट पाहत एक बाई बसली होती, शेजारी दहा-अकरा वर्षांची मुलगी. मुलीच्या हातात नव्याकोऱ्या चपला होत्या.

"हातात होत्या, बाईसाहेब," जाधव मला म्हणाले. "पायात घालायची सवयच नाही तिला. आणि बरोबर गाठोडं नाही, काही नाही. मावशीच्या घरी चाललेली पोर अशी रिकाम्या हातानं जाते का?"

बाईचं नाव बिट्टन. झाशीची. तिला कोठडीत बसवून मुलीला माझ्याकडे आणलं होतं. दोन दिवस थांबण्याची सोय नव्हती, बिट्टनला सोडायचं की ठेवायचं ते संध्याकाळच्या आत ठरायचं होतं.

"नाम?"

"मुन्नी."

"बाप का नाम?"

"रामलाल."

"वो औरत कौन है?"

"मौसी."

उत्तरं कशी, जात्यातून पीठ पडावं तशी. मी म्हटलं, "अच्छा. मौसी के घर में चूल्हा किस तरफ है?"

ती थांबली. माझ्याकडे पाहिलं, जाधवांकडे पाहिलं. मावशीचं घर तिनं पाहिलेलंच नव्हतं. आदल्या दिवसापर्यंत मावशीलाही पाहिलं नव्हतं.

तिचं नाव गोमती होतं. घरून निघून सकाळभर चालली होती, मग गाडीत बसली, आणि बसण्याआधी तिला टेकडीवरचा मजल्यावर मजले चढवलेला मोठा महाल दिसला होता. म्हणजे दतिया. मी तेव्हाच थोडी धास्तावले. दतिया इथून गाडीनं काही फार लांब नाही, पण त्या वेळी ते विंध्यप्रदेशात होतं. म्हणजे दुसरं राज्य. गुन्हा घडला विंध्यप्रदेशात, पकडलं मध्यभारतात, पकडलेली बाई उत्तरप्रदेशातली. तीन राज्यांच्या पोलिसांनी एकमेकांना विचारत बसावं अशी ती भानगड होती.

बिट्टनचा धंदा जाधवांना ऐकून माहीत होता. गरीब घरची मुलगी काचेच्या बांगड्यांच्या भट्टीवर कामाला म्हणून न्यायची. तिथं दिवसभर कांडी फिरवायची, बोटं भाजायची. अंगानं जरा भरली की तिला पुढे कुणाच्या तरी घरी 'लग्न' करून धाडायची. लग्न हा शब्द जाधव उच्चारत तेव्हा बाजूला थुंकत.

गोमती आमच्याकडे राहिली. पहिल्या आठवड्यात चटईखाली पोळ्या सापडल्या, वाळून कडक झालेल्या. हे नवीन नव्हतं, सगळ्याच मुली लपवतात. उपाशी राहिलेल्या मुलाला उद्याचा भरवसा यायला वेळ लागतो. पण गोमतीला विचारलं तर ती म्हणाली, "ये बिनिया की हैं." बिनिया तिची धाकटी बहीण. आमच्याकडे दोन वेळा मिळतं, तर एका वेळचं बिनियासाठी, असा तिचा हिशेब. मी समजावलं की इतक्या दिवसांची पोळी खाता येत नाही. तिला पटलं नाही. पाण्यात भिजवली की येते, म्हणाली.

पत्ता लागल्यावर मी आणि जाधव तिच्या आईला शोधायला गेलो. बैलगाडीची वाट, शेवटी पायवाट. आई, हरबाई, दारातच होती. माझ्या वयाची असेल, पण माझ्या आईएवढी दिसत होती. नवरा दगडाच्या खाणीत होता. खाणीतली धूळ छातीत बसून तो दोन पावसाळ्यांपूर्वी गेला होता. गोमती, बिनिया, आणि कडेवर एक मुलगा. बिनिया चार-पाच वर्षांची, आईच्या लुगड्याच्या मागून आमच्याकडे बघत होती.

मला वाटलं होतं, मुलगी सापडली म्हटल्यावर बाई रडेल, पाया पडेल. मी मनात तयारी करून गेले होते. हरबाईनं विचारलं, "खाना खाती है?"

"खाती है."

"दोई टैम?"

"दोनों टाइम."

"तो फिर?" ती म्हणाली. म्हणजे, मग आलात कशाला?

खटला उभा राहिला. हरबाईला साक्षीला आणलं. गोमतीलाही न्यावं लागलं, ओळख पटवायला. आईला पाहताच ती बाकावरून उठली, मी तिचा हात धरून ठेवला. बिट्टनच्या वकिलानं विचारलं, मुलगी पळवून नेली की तुम्ही पाठवली? हरबाई म्हणाली, "हमने भेजी. हमाई मरजी से. चूड़ी को काम सीखबे."

माझ्या मुठीतला तो हात तेव्हा ओढ घ्यायचा थांबला. एवढंच मला कळलं. तोंडाकडे पाहायचा मला धीर झाला नाही.

बिट्टन सुटली. बाहेर झाडाखाली मी हरबाईला गाठलं. फार रागात होते. म्हटलं, "झूठ क्यों बोलीं? उसने तुम्हें डराया?"

"झूठ नईं बोली," ती म्हणाली. "भेजी तो हमनेई. बा औरत बोली, उतै रोटी मिलहै. एक थाली कम हो जाती, बाईसाब. तो जे दोनों बच जाते." मग जरा वेळानं, "आप भी तो रोटी देती हो. अबै अपने पास रख लो."

त्या बाईच्या लेखी बिट्टनमध्ये आणि माझ्यात फरक नव्हता. दोघी तिच्या मुलीला जेवायला घालणार होतो.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी हुकूम दिला की मुलगी परराज्यातली आहे, विंध्यप्रदेश सरकार मागणी करीपर्यंत ती बालिकागृहातच राहील. विंध्यप्रदेश सरकारनं मागणी केली नाही. कुठल्याच सरकारला ती नको होती, म्हणून ती सुरक्षित राहिली.

आमच्याकडची तिची वर्षं चांगली गेली. हे मी अभिमानानं लिहिते, कारण अभिमानानं लिहिण्यासारखं माझ्या नोकरीत थोडं आहे. गोमती वाचायला शिकली. शिवणयंत्रावर तिचा हात असा बसला की झंपराची बाही ती न मापता कापे. माझ्याबरोबर राहून मराठी बोलायला लागली, आमच्यासारखीच, अर्धी हिंदीत बुडवलेली. "बडी बाई, आज भाजीत नमक जास्त पडलंय नं," असं. घरी कधी जायचं, हे मात्र साक्षीच्या त्या दिवसानंतर तिनं पुन्हा विचारलं नाही. फक्त चिंध्यांची एक बाहुली शिवली, आणि ती कुणासाठी ते सांगितलं नाही.

ह्याच काळात जयेंद्रगंजमधल्या एक बाई माझ्याकडे आल्या. आपल्यातल्याच, सासरे एकेकाळी दरबारात कारभारी होते. आम्ही त्यांना काकी म्हणत असू. पाहुणचार झाल्यावर म्हणाल्या, "तुझ्याकडे एखादी सीधी मुलगी असेल तर दे नं. माझ्याच्यानं आता भांडी होत नाहीत. आमच्याकडे तिला काही तकलीफ नाही होणार. फक्त खाणारी बेताची हवी."

मी त्यांना जवळजवळ हाकलूनच दिलं. इथं मुली भांडी घासायला ठेवलेल्या नाहीत, असं काहीतरी म्हणाले. वहिनी महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही.

छप्पन साली नोव्हेंबरात नवा मध्यप्रदेश झाला. मध्यभारत गेला, विंध्यप्रदेश गेला, राजधानी भोपाळ. लष्करात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय, कुणाची बदली कुठे. कचेऱ्यांतली कपाटं ट्रकवर चढत होती, कारकून बायकामुलांना घेऊन स्टेशनवर रडत होते. मी मात्र, खरं सांगते, मनातून खूश होते. सरहद्द मिटली. आता बिट्टनसारखी बाई एका राज्यात गुन्हा करून दुसऱ्यात लपणार नाही, आता एक पोलीस, एक कायदा. मुलींना मी पेढे वाटले. गोमतीला सांगितलं, "आता तुझं गाव नि आपलं ग्वाल्हेर एकाच राज्यात आली बघ."

थंडी संपता संपता हुकूम आला. बालिकागृह बंद करून मुली टप्प्याटप्प्यानं इंदूरच्या संस्थेत पाठवायच्या. नवीन मुलगी घ्यायची नाही. ज्यांचे पालक ह्याच राज्यात हयात आहेत त्यांना पालकांच्या ताब्यात द्यायचं.

गोमतीची आई आता ह्याच राज्यात हयात होती.

मी मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे गेले. तेच गृहस्थ होते, सज्जन, त्यांचंही सामान बांधून तयार होतं. मी म्हटलं, ही मुलगी घरी गेली की पुन्हा विकली जाईल, आईनं तुमच्यासमोर कबूल केलंय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आप ठीक कहती हैं," ते म्हणाले. "पर गरीबी कोई जुर्म नहीं है, बाईसाहब. उसके लिए माँ से बच्ची नहीं छीनी जा सकती."

ह्या वाक्यावर मी आजवर विचार करते आहे. त्यात मला चूक सापडलेली नाही.

मग मी ते केलं जे करणार नाही असं काकींना ठणकावलं होतं. जयेंद्रगंजला त्यांच्या घरी गेले. भांडी घासू दे, पण ग्वाल्हेरात राहील, माझ्या डोळ्यांसमोर राहील. हरबाईची संमती मी मिळवली असती, तिला काय, थाली कम. दार एका मुलीनं उघडलं. गोमतीच्याच वयाची, हाताला राख.

"अगं, उशीर केलास," काकी म्हणाल्या. "मिळाली मला. फार गरीब आहे बिचारी. झाशीकडची एक बाई आणून देते, अशा मुलींचं कल्याण करते ती."

मी मुलीला विचारलं, "नाम क्या है?"

"मुन्नी."

"बाप का नाम?"

"रामलाल."

मी काकींच्या देखत पुढचा प्रश्न विचारला नाही. जाधवांना सांगितलं, त्यांनी वर कळवलं. वर म्हणजे कुठे, हे त्या दिवसांत कुणालाच ठाऊक नव्हतं. जुने साहेब निघून गेले होते, नवे आले नव्हते. कळवलेलं कुठल्या टेबलावर पडलं ते कळलं नाही. पुढे जाधव स्वतः काकींच्या दाराशी गेले तेव्हा काकी म्हणाल्या, पळून गेली, हरामखोर निघाली.

गोमतीला पोचवायला मीच गेले, जाधव सोबत होते. तिनं आपलं सामान नीट घडी घालून बांधलं होतं. गाडीत खिडकीशी बसली. दतिया जवळ आलं, तो महाल दिसायला लागला, तशी ती माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "बडी बाई, माझ्याकडून काही तुटलं का?"

मी म्हटलं, "नाही गं. काही नाही तुटलं."

"मशीनची सुई तुटली होती नं. ती मी नाही तोडली. ती आधीपासूनच होती."

मी तिला सांगत राहिले की ही शिक्षा नाही. सरकारचा हुकूम आहे, राज्यं एक झाली, तू आता आईकडे जायचंस. ती मान हलवत होती. समजावणाऱ्याचं मन राखायला मुलं मान हलवतात, तशी. दतियाच्या कचेरीत तिला आईच्या हवाली केलं, हरबाईनं अंगठा उठवला. गोमतीनं तिच्या पाया पडून पदराला हात लावला आणि तसाच धरून उभी राहिली. जाताना तिनं मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं की वाईट, मला सांगता येत नाही.

उन्हाळ्यात इंदूरला जायला शेवटच्या मुली उरल्या होत्या. मलाही नोकरी ठेवायची तर जावं लागणार होतं. जाण्याआधी एकदा गोमतीला पाहून यावं म्हणून मी रजा टाकली. जाधव त्या महिन्यातच निवृत्त झाले होते, तरी म्हणाले, "चलतो मी. माझं काय अडलंय आता?" बैलगाडी ठरवून आम्ही गावात पोचलो.

गोमती नव्हती.

"ब्याह हो गओ," हरबाई म्हणाली.

"कुठे?"

"उतै. राजस्थान तरफ."

"गाव कोणतं? मुलगा काय करतो?"

तिला गाव माहीत नव्हतं. नवरा 'सयानो' आहे म्हणाली, म्हणजे प्रौढ. लग्न कुणी जमवलं ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. जाधव बाहेर जाऊन उभे राहिले. हरबाईचा मुलगा कुठे दिसेना. मी विचारलं तर ती नुसती भुईकडे पाहत बसली. तेव्हा कळलं की थाली कमी करूनही तो वाचला नव्हता.

आत कोनाड्यात चिंध्यांची ती बाहुली होती.

मग हरबाईनं बिनियाला पुढे केलं. केस पाण्यानं चोपून बसवलेले, कपाळाला टिकली. आमची गाडी शिवारात दिसली तेव्हाच तिनं पोरीला तयार केलं असणार. "इसे ले जाओ, बाईसाब," ती म्हणाली. "जे छोटी है. पढ़ जाहै. गोमती बताउत ती, उतै मशीन है, किताब है."

मी तिला सांगितलं की आमचं घर बंद होतंय. नवीन मुलगी घेता येत नाही. मी इंदूरला लिहीन, दतियाच्या साहेबांना भेटेन, हुकूम मिळवीन. तिनं सगळं ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"बा औरत तो कभऊँ मना नईं करत," ती म्हणाली.

ती बाई तर कधी नाही म्हणत नाही.

मी बाहेर आले. बिनिया माझ्याआधी बाहेर येऊन बैलगाडीत चढून बसली होती. मांडी घालून, गवताच्या पेंढीवर, बाहुली पोटाशी धरून. तिला सांगितलेलं असणार की आज जायचं आहे. गाडीवान हसत होता. जाधव बैलांकडे पाहत उभे होते.

"बाईसाहेब, नेऊया," ते हळूच म्हणाले. "कोण विचारतंय आता? कुठलं राज्य नि कुठलं काय."

मला तो मोह झाला नाही असं नाही. पण नेऊन ठेवणार कुठे? बालिकागृहाच्या खोल्यांना कुलपं लागत होती. दाना ओलीत नेली असती, तर मी इंदूरला गेल्यावर वहिनीनं तिच्या हातात पहिल्याच दिवशी राखेचा बोळा दिला असता. आणि हुकमाशिवाय दुसऱ्याच्या जिल्ह्यातून मूल उचलून नेणं, आईची संमती असली तरी, ह्याच गोष्टीसाठी मी बिट्टनला कोठडीत बसवलं होतं.

"उतरवा तिला," मी म्हटलं.

"मला नाही जमायचं ते," जाधव म्हणाले, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

तिला मीच उतरवलं. अंगात काही वजनच नव्हतं. ती रडली नाही, हातपाय झाडले नाहीत, फक्त खाली ठेवल्यावर आपल्या पायांकडे पाहत राहिली. मी दतियाला साहेबांना भेटले. इंदूरला लिहिलं, भोपाळलाही लिहिलं. एका जागेची मंजुरी खरोखर आली, पावसाळा उलटल्यावर, मी इंदूरला रुजू झाल्यानंतर. तिथल्या शिपायाला मी स्वतःच्या खर्चानं गावी पाठवलं. तो चार दिवसांनी परत आला आणि म्हणाला, "बाईसाब, वहाँ उस नाम का कोई घर ही नहीं है अब."